कठड्यावरची कापडं

बाईंना माणसांच्या शरीराची मनापासून किळस होती, आणि पोटापाण्याला धंदा मिळाला तो नेमका शरीरं सरळ करायचा. घोडेस्वारीच्या शाळेत त्या शिकवायच्या. रोज सकाळी कमरेवर हात ठेवून मैदानाच्या मधोमध उभ्या राहायच्या आणि आपल्याभोवती गोल फिरणारे ते देह बघायच्या. पुढे सांडलेली पोटं, खुर्चीत बसून बसून वाकलेल्या पाठी, कानापर्यंत चढलेले खांदे, उघडी तोंडं. घोडा दुडक्या चालीवर आला की हे सगळं एकदम हिंदकळायला लागे आणि बाई नजर घोड्याच्या पायांवर नेत. "माणूस आहात की आंबलेलं पीठ?" असं त्या एकदा चांगल्या हुद्द्यावरच्या एका गृहस्थाला म्हणाल्या होत्या. गृहस्थ पुन्हा फिरकले नाहीत. बाईंना त्याचं काडीइतकंही वाईट वाटलं नाही.

घोड्याचं मात्र सगळं चाले. लीद, लाळ, घाम, नाकातून उडालेले शिंतोडे, सगळं. खुरात सडका वास मारणारी घाण अडकलेली असली तर त्या उघड्या बोटांनी ती कोरून काढत आणि तोच हात कपाळाला लावून केस मागे सारत. पण एखाद्या शिकाऊने आदराने हात मिळवला तर तो गेल्यावर तळवा विजारीला दोनदा पुसत. माणसाचा घाम त्यांना खोटा वाटे. काही न करता आलेला.

स्वतःच्या शरीराची किळस यायचा प्रश्नच नव्हता, कारण ते त्यांना दिसतच नव्हतं. हाडापेराने काटक, पोट सपाट, मान ताठ. खोगिरावर बसल्या की सगळं ठाकठीक. मांड पक्की, असं लोक म्हणत आणि बाईही म्हणत. फार पूर्वी एक घोडा त्यांना घेऊन कोसळला होता आणि उजव्या बाजूचा खुबा मोडला होता. तो सांधला. डॉक्टरांनी नंतर व्यायामाला पाठवलं, तिथे बाई एकदाच गेल्या. एका बंद खोलीत रबरी चटयांवर दहा-बारा माणसं उताणी पडून पाय हवेत हलवत होती. पायांचा वास, रबराचा वास, कुणाच्या तरी घशातून येणारा घर्र आवाज. बाईंना झुरळांची आठवण झाली. त्या तशाच उठून आल्या आणि दुसऱ्या दिवशी घोड्यावर बसल्या. शरीराला काय लागतं ते आपल्याला कळतं, चटईला नाही, असं त्यांनी घरी ताईला सुनावलं.

ताई म्हणजे थोरली बहीण. दोघी एकत्रच राहत. ताई अधूनमधून म्हणायची, तू चालतेस तिरकी, तुझ्या डाव्या बुटाची टाच बघ कशी झिजलीय. बाई म्हणायच्या, बूटच भिकार निघाले. पुढचे बूटही भिकार निघाले. त्यापुढचेही.

तर शिकवायची बाईंची एक खास रीत होती आणि तिची सगळे धास्ती घेत. शिकवणी संपली की घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार खोगिरं उतरवायचा आणि खोगिराखालची पांढरी कापडं लाकडी कठड्यावर उलटी वाळत घालायचा. घोड्याच्या घामाचे, केसांचे, मळाचे डाग त्यांवर उमटलेले असत. मधे पाठीच्या कण्याची कोरी पट्टी आणि दोन्ही अंगांना डाग. डाग सारखे असतील तर स्वार सरळ बसला. एक काळाकुट्ट आणि एक फिकट, तर तो एका अंगावर लोळत बसला. बाई चाबकाचा दांडा हातात घेऊन कठड्याजवळून जात आणि एकेक कापड मोठ्याने वाचत. कुणाचं ते आधी विचारत नसत. आधी पंचनामा, मग प्रश्न. "कोणाचं हे?" असं त्या म्हणाल्या की त्या माणसाने सगळ्यांदेखत हात वर करायचा.

"बुडाखाली दोन हाडं असतात," त्या म्हणत. "सगळ्यांना मिळालीत, तुम्हालाही मिळाली असतील. ती शोधा. दोन्हींवर सारखं बसा. एवढंच मागते मी."

स्वतःचं कापड त्या कधी कठड्यावर टाकू देत नसत. सकाळी शिकाऊ यायच्या आधी त्या फेरी मारून येत, आपलं खोगीर आपणच उतरवत आणि कापड तसंच गोळा करून धुण्याच्या बादलीत टाकत. त्यात वाचण्यासारखं काय असणार?

शिकाऊंमध्ये त्यांच्या डोक्यात सगळ्यात जास्त कोण जात असेल तर पोतं. हे नाव बाईंनीच ठेवलेलं. तो एका कचेरीत कारकून होता, चाळिशी उलटलेला, अंगाने ऐसपैस. घोड्यावर चढताना त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजे, मानेवर घामाच्या धारा लागत आणि सदरा पाठीला चिकटून आतल्या सगळ्या वळ्या दाखवी. बाई मान फिरवत. गंमत म्हणजे त्याचं कापड नेहमी दोन्हीकडून सारखं निघे. बाई म्हणत, "पोतं कुठेही टाका, सारखंच पसरतं." सगळे हसत, पोतंही हसे. त्याच्या हसण्याचीही बाईंना शिसारी येई.

पोतं शिकायचं तांबडीवर. तांबडी म्हणजे शाळेतली सर्वांत शहाणी घोडी. निम्म्या गावाने पहिल्यांदा मांड ठोकली ती तिच्याच पाठीवर, आणि पडताना तिचीच आयाळ उपटली. तिने कधी कुणावर पाय उचलला नाही. त्या तांबडीने त्या मोसमात खोगीर दिसलं की कान मागे टाकायला सुरुवात केली. मग चावायला धावली. पाठीच्या डाव्या अंगाला बोट लावलं तरी तिचं कातडं थरथरे. जनावरांचे डॉक्टर आले, पाठ दाबून बघितली आणि म्हणाले, कुणीतरी एका अंगावर बसतंय, थोडे दिवस खोगीर ठेवू नका. बाईंनी त्यातलं 'कुणीतरी' तेवढं ऐकलं आणि त्यांची नजर थेट पोत्यावर गेली.

शाळेचे मालक आले तेव्हा नाकाला रुमाल लावून तबेल्याच्या दाराशीच उभे राहिले. अंगावर इतकं अत्तर की घोडे फुरफुरले. ते म्हणाले, घोडी कामाची राहिली नाही, पुढच्या वेळी ट्रक येईल तेव्हा तिला चढवून टाकू. थकलेली जनावरं घेऊन जाणारा तो ट्रक कुठे जातो हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं आणि त्याविषयी सगळे मूग गिळून असत. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्यांनी जन्मात घोड्याला खरारा केला नाही, त्यांनी घोडीचा निकाल लावायचा. त्यांनी मालकांना शब्द दिला की ट्रक यायच्या आत तांबडी नीट करून दाखवीन. मालकांनी खांदे उडवले.

मग बाईंनी बाईंसारखंच केलं. पोत्याला सगळ्यांसमोर तांबडीवरून उतरवलं, दुसऱ्या घोड्यावर धाडलं आणि बजावलं की यापुढे तांबडीवर माझ्याशिवाय कुणी बसायचं नाही. नुसत्या विश्रांतीने घोड्याची पाठ आखडते, ती सुधारते चांगल्या मांडीखाली, हा त्यांचा सिद्धान्त. आधी त्या सकाळी तिला एक फेरी मारून आणत, आता भरपूर फिरवू लागल्या. आणि घोडी बिघडत चालली. रोज थोडी जास्त. इथेच घोडं पेंड खात होतं आणि बाईंना कळेना. त्या पोत्याला मनातल्या मनात शिव्या घालत, म्हणत, काय पाठीचं वाटोळं करून ठेवलंय मेल्याने, निस्तरता निस्तरत नाही. घरी जेवताना घास तोंडाजवळ नेऊन परत ठेवत. ताई म्हणाली, "तू तुझा खुबा तरी एकदा डॉक्टरला दाखव." बाई म्हणाल्या, मी घोडीबद्दल बोलतेय, आणि ताट सरकवून उठल्या. उठताना डावा हात टेबलावर टेकला, रोजच्यासारखा.

ट्रक यायचा होता त्या दिवशी सकाळी बाई तांबडीवरून उतरताहेत तोवर फोन वाजला. मालकांचा. दुपारी येतोय, घोडी बाहेर काढून ठेवा. बाई फोनवर तावातावाने बोलत शाळेच्या कचेरीत गेल्या आणि खोगीर मोतद्दाराने उतरवलं. सवयीने त्याने कापड कठड्यावर टाकलं. नंतर शिकवणी झाली, बाकीची कापडं त्याच्या शेजारी आली. तांबड्या रंगाचे घोडे शाळेत आणखी दोन होते, त्यामुळे केसांवरूनही काही कळण्यासारखं नव्हतं.

बाई कठड्याशी आल्या त्या आधीच पेटलेल्या. पहिली दोन कापडं त्यांनी कशीबशी उरकली. तिसऱ्यापाशी मात्र थबकल्या. डावीकडे नुसता काळा चिखल, केस दाबून दाबून कापडात रुतलेले, आणि एके ठिकाणी पिवळट ओलसर ठिपका, जनावराच्या कातडीतून झिरपलेला. उजवी बाजू जवळजवळ कोरी.

"बघा," बाई म्हणाल्या. दांड्याच्या टोकाने त्यांनी कापड उचललं, हात लावायचीही इच्छा होत नव्हती. "हे बघून घ्या सगळ्यांनी. हा माणूस घोड्यावर बसत नाही, घोड्याला लोंबकळतो. त्याचं अर्धं अंग मेलेलं आहे आणि त्याला पत्ता नाही. जनावर सांगतंय, कान पाडतंय, चावतंय, तरी याचं आपलं चालूच. असल्या माणसाला मी आंधळं म्हणत नाही, निलाजरं म्हणते. किळस येते मला. कोणाचं हे?"

कुणीच हात वर केला नाही. बाईंनी पुन्हा विचारलं आणि पोत्याकडे रोखून बघितलं. पोतं जमिनीकडे बघत होतं. मोतद्दाराने घसा खाकरला, बादली या हातातून त्या हातात घेतली.

"तांबडीचं आहे बाई," तो म्हणाला. "सकाळचं."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बाईंना बरं वाटलं असतं, झापायला तरी कुणी मिळालं असतं. त्यांनी कापडाकडे बघितलं, मग आपल्या बुटांकडे. डावी टाच आतून बाहेरपर्यंत खाल्ल्यासारखी झिजली होती. कठड्यावर त्यांचं खोगीर होतं, त्याच्या डाव्या रिकिबीचा, पाय ठेवायच्या कडीचा, पट्टा उजव्यापेक्षा बोटभर लांब लोंबत होता. त्यांना वाटलं चामडं ताणलं असेल. मग वाटलं, ताणलं कुणी? एवढी वर्षं इतरांच्या पोटांना, पाठींना नावं ठेवत नाकाने कांदे सोलले, आणि हे असलं शरीर अंगावर घालून आपण हिंडत होतो, त्या मुक्या घोडीच्या पाठीवर ते रोज आणून टाकत होतो. आयुष्यात पहिल्यांदा बाईंना स्वतःची किळस आली. पण रीत ती रीत. त्यांनी हात वर केला.

दुपारी मालक आले, मागोमाग ट्रकही फाटकाशी येऊन उभा राहिला. त्याचा वास आधी पोचला आणि तबेल्यातले घोडे अस्वस्थ झाले. तांबडी बाहेर बांधलेली होती, डावं अंग चोरून उभी. बाई तिच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"घोडीत खोड नाही," त्या म्हणाल्या. "खोड माझ्यात आहे. तिची पाठ मी बिघडवली. ट्रकमध्ये कुणाला चढवायचंच असेल तर मला चढवा."

"तुम्हाला कोण घेणार?" मालक म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. दात पिवळे होते. बाईंनी ते सोसलं. पाठ बरी होईपर्यंत तांबडीवर खोगीर चढणार नाही, त्यानंतर तिच्यावर तो कारकून बसेल, कारण त्याचं कापड सारखं निघतं, आणि मी सरळ होईपर्यंत एकाही घोड्यावर बसणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. मालकांनी विचारलं की जिला स्वतःला बसता येत नाही ती बाई इतरांना काय शिकवणार. बाईंनी तांबडीची दोरी मुठीत घट्ट धरली. मालकांनी त्या दोरीकडे बघितलं आणि ड्रायव्हरला हाताने जायची खूण केली. पुढच्या खेपेला ट्रक येईल तेव्हा दोघींकडे बघतो, असं म्हणून गाडीत बसले.

खोगिरांच्या खोलीत एक लाकडी घोडा होता. अगदी नवख्या माणसांना आधी त्यावर बसवत. बाईंनी पोत्याला हाक मारली, पोतं नव्हे, "अहो, जरा आत येता का?" अशी. तो आला, नेहमीसारखा निथळत. बाई लाकडी घोड्यावर चढल्या आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "कंबर धरा माझी. दोन्हीकडून. आणि सरळ करा."

त्याचे हात कोमट होते, ओले होते, मऊ होते. बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यांनी दात आवळून धरले.

"दोन्ही हाडं सापडतायत का, बाई?" त्याने विचारलं. त्यांचाच धडा, त्यांनाच परत. त्यात टोमणा नव्हता, हेच जास्त लागलं.

"डावं आहे," बाई म्हणाल्या. "उजवं नाही."

त्याने हळूहळू त्यांना उजवीकडे लोटलं. खुब्यात जुनी कळ उठली, कितीतरी वर्षं न भेटलेली. खोली कलायला लागली. भिंतीवरच्या खुंट्या, लगाम, दार, सगळं तिरकं झालं आणि बाईंनी घाबरून खोगिराची पुढची कड घट्ट धरली.

"सोडा, पडतेय मी."

"नाही बाई," पोतं म्हणालं. "आत्ता सरळ आहात."

बाईंनी डोळे मिटून घेतले. उजव्या बाजूला, खोल, काहीतरी टणक लाकडाला टेकलं होतं. सगळं शरीर ओरडून सांगत होतं की आपण पडतोय. बाहेर तांबडी वैरण चावत होती, तिचा संथ करकर आवाज येत होता. पोत्याला वाटलं बाईंना आता नको झालं असेल, म्हणून त्याने बोटं सैल केली.

"हात काढू नका," बाई म्हणाल्या.