बिनखिळ्याचा पाट

बाबली मेस्त्रींच्या मांगरात, म्हणजे सुतारकामाच्या खोपीत, लेकीला, सीतेला केर काढायची मुभा होती, रंध्याला हात लावायची नव्हती. "रंध्याक मनगट व्हया. चेडवाचा काम न्हय ता," म्हणत मेस्त्री मुलाला, गुरुप्रसादला हाका मारायचे. आणि हा पठ्ठ्या खाडीवर गळ टाकून बसलेला! पुढे तो गोव्यात गाडी चालवायला गेला, सीता लग्न मोडून मसुऱ्याला माहेरी परत आली आणि मेस्त्रींची नजर काचबिंदूने नेली.

आंधळ्या बापाचं सगळं करायचं सीतेने. दुपारी तो घोरायला लागला की ती त्याच्या कमरेची हत्यारांच्या पेटीची किल्ली हळूच सोडवायची आणि मांगराची कडी काढायची. आधी एक स्टूल केलं, ते लंगडं झालं. मग झाकणाची पेटी, मग खिडकीची झडप. पटाशीने अंगठा कापला तेव्हा विळी लागली म्हणून सांगितलं. बापाच्या त्या हत्यारांवर तिचा जीव जडला होता.

यंदा घरच्या गणपतीचा पाट वाळवीने खाल्ला. इथे प्रत्येक घराचा पाट आधी गणपतीच्या शाळेत, मूर्तिकाराकडे जातो, मूर्ती त्याच्यावरच घडते. गुरुप्रसाद रजेवर आला होता. मेस्त्री म्हणाले, "गुरू, पाट तू कर. देवाच्या पाटाक खिळो मारूचो नाय. जमलो तर हत्यारांची पेटी तुझी."

गुरू मांगरात गेला आणि मोबाईल घेऊन आडवा झाला. पाट सीतेने केला.

फणसाच्या फळीखाली दोन पट्ट्या तिरक्या खाचेत सरकवायच्या, एवढंच काम. पण पट्टी ढिली राहिली तर पाट डुगडुगतो आणि घट्ट बसली तर पावसाळी हवेत फुगून फळी तडकते. पहिली फळी डुगडुगली. दुसरी तडकली. सीता रडली, नाक पुसलं आणि तिसरी घेतली. तिच्या पट्ट्या नेमक्या बसल्या.

"बाबांक खरा सांग हां," ती भावाला म्हणाली. पेटी तिला हवी होती.

"सांगतंय गो."

मेस्त्रींनी पाट मांडीवर घेतला, उलटा केला. बोटं खाचेवरून हळूहळू फिरली, पुन्हा फिरली. "माझ्या झिलाचो, गुरूचो हात," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा बरो."

सीतेने भावाकडे पाहिलं. तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता.

"बाबा, पाट मिया केलंय."

"भावाचा काम आपल्या नावावर घेतंस? लाज वाटाक व्हयी." मेस्त्रींनी कमरेची पेटीची किल्ली काढून हवेत धरली. गुरुप्रसादने ती घेतली. घेतली हो, मेल्याने! पेटी गाडीच्या डिकीत गेली सुद्धा.

"सीता, मांगरात भुसो पडलोसा. गुरू दमलो आसतलो, तू झाडून घे."

सीता मांगरात गेली, खराटा उचलला आणि आणून भावाच्या हातात दिला. तिच्याकडे बघवेना, तसा तो मुकाट्याने जाऊन झाडू लागला.

खराट्याचा आवाज ओटीपर्यंत आला. सीता शेजारीच येऊन बसलेली; म्हणजे झाडणारा गुरू, हे मेस्त्रींनी ओळखलं.

"बघ," ते लेकीला म्हणाले, "एवढो कारागीर, पण झाडताय आपणच. शिक कायतरी त्याच्याकडसून."