दर्शनी खोलीतला काळा मासा

टाकीतले पाणी आठवड्याला बदलता येते. किस्से बदलता येत नाहीत. ते गाळासारखे तळाशी साचतात आणि कोणी जरा हात घातला की वर येतात. परवा काकडआरतीनंतर कोणीतरी सहज विचारले, "सर, मासा कसा हाय?" आणि सगळा गाळ ढवळला गेला.

आमचा कट्टा दत्तमंदिराबाहेरचा. बसणारे चौघे. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले चौगुले अण्णा, बँकेतून निवृत्त झालेले इनामदार, तालमीत अजूनही पोरांना घाम गाळायला लावणारे वस्ताद आणि मी, एका शाळेचा माजी मुख्याध्यापक. आरती होते, चहा येतो आणि मग प्रत्येकाला दुसऱ्याचे घर सुधारायचे असते.

गेल्या वर्षी मी दर्शनी खोलीतला टीव्ही काढून टाकला. त्या जागी काचेची एक लहान टाकी आणली. तळाला वाळू, थोडी हिरवी रोपे, बारीक आवाजाचा फिल्टर. यात एकच मासा ठेवायचा, पण पाहत राहावे असा, एवढाच माझा विचार होता. तो मी कट्ट्यावर बोलून दाखवला.

*

दुसऱ्या दिवशी इनामदार मोबाइलमध्ये फोटो घेऊन हजर. डोक्यावर भले मोठे टेंगूळ असलेला मासा.

"सर, शोपीस म्हणजे हा. फ्लॉवरहॉर्न! टेंगूळ जितके मोठे, तितकी घराची भरभराट. फक्त ईशान्येला ठेवायचा."

"ईशान्येला माझा देव्हारा आहे."

"मग देव्हारा थोडा सरकवा."

मी चहाचा कप खाली ठेवला. "देव सरकवून मासा ठेवायचा. आणि भरभराट मागायची कोणाकडे? टेंगळाकडे?"

वस्ताद इनामदारांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "टेंगूळच पायजे तर तालमीत या की, इनामदार. लगीच देतो!"

*

मी स्वतः दुकानात गेलो. दुकानदाराने पहिलाच प्रश्न केला, "रास कुठली, साहेब?"

"माशाची?"

"न्हाय, तुमची. आमी राशीवर मासा देतो. मेषेला लाल, कर्केला पांढरा."

"माझी रास राहू द्या. त्याला जागा किती लागते, पाणी कसे लागते, ते सांगा."

"त्ये कोण इचारत न्हाय, साहेब."

मग त्याने ऑस्कर जातीचे बोटभर पिल्लू दाखवले. हा पुढे वीतभर होतो, एवढे मला ठाऊक होते. "माझ्या टाकीत हा मावणार नाही," मी म्हणालो.

"मावतोय की! मासा टाकीच्या मापानंच वाढतोय."

"आमच्या शाळेत बाके लहान होती. पोरे बाकांच्या मापाने वाढली नाहीत. बाके मोडली."

त्या दिवशी त्याने मला दुसरा मासा दाखवला नाही. चहा मात्र मागवला.

*

पुढच्या खेपेला वस्ताद बरोबर आले. ते यायला नको, असे मला वाटत होते.

फायटर मासे एकमेकांना पाहिले की चवताळतात. म्हणून दुकानात त्यांच्या काचेच्या बरण्यांमध्ये पुठ्ठे उभे केलेले असतात. वस्तादांनी दोन बरण्या निरखल्या. "जोड बराबरीची हाय," म्हणाले आणि मधला पुठ्ठा काढून घेतला.

दोन्ही मासे कल्ले फुगवून काचेवर आदळू लागले. वस्तादांचे भान हरपले. "हाण! पट काढ! अरं, पट काढ की!" गिऱ्हाईके जमली. लाल माशावर कोणी, निळ्यावर कोणी, असे तटही पडले.

मी पुठ्ठा परत मध्ये घातला.

"वस्ताद, तुमच्या आखाड्यात हरलेला मल्ल उठून घरी जातो. यांनी कोठे जायचे?"

वस्तादांनी मान खाली घातली. मग लाल माशाच्या बरणीजवळ तोंड नेऊन म्हणाले, "गप बसा, पावणं. हेडमास्तर आल्यात!"

*

टाकी रिकामीच राहिली. मोठा मासा लहान टाकीत कोंबणे मला मान्य नव्हते आणि भाग्य विकणाऱ्याकडून भाग्य घेणे त्याहून नव्हते. अशात मलकापूरहून माझा मेहुणा आला. बराच वेळ टाकीपुढे वाकून बसला. रोपांच्या आड पाहिले, मागून पाहिले.

"दाजी, मासा लाजतोय वाटतं."

"टाकीत मासा नाही."

"मग फिल्टर कुणासाठी चाललाय?"

"योग्य मासा येईल, त्याच्यासाठी."

मेहुण्याने बहिणीकडे पाहिले. "ताई, शाळेत बी ह्ये असंच व्हतं काय?"

"असंच," आमची मंडळी म्हणाली. "पोरं यायच्या आधी ह्ये एकटेच वर्गात हुभे!"

*

याच सुमारास चौगुले वहिनींच्या पोटात गाठ निघाली. मोठे ऑपरेशन ठरले. अण्णा खचले. कोणीतरी त्यांच्या कानात सांगितले, की काळा मासा आणून आजाऱ्याच्या उशाशी ठेवावा. तो पीडा स्वतःवर ओढून घेतो. मासा मेला की माणूस उठतो.

अण्णांनी काळा फायटर आणला.

तेव्हापासून कट्ट्यावर रोज एकच चौकशी. "अण्णा, मासा कसा हाय?" वहिनी कशा आहेत, हे कोणी विचारीना. अण्णा सुस्कारा सोडून सांगत, "हाय अजून जित्ता."

एके दिवशी मला राहवले नाही. "अण्णा, तुम्ही त्याच्या मरणाची वाट पाहताय?"

"सर, त्यो गेल्याबिगार ही कशी उठायची?"

"मीही रोज देवापुढे उभा राहतो. वहिनींसाठी मागणे मागतो. पण त्यांचे दुखणे एका मुक्या जिवाच्या अंगावर ढकल, असे मी देवाला सांगणार नाही. ते ऐकायला त्याला लाज वाटेल."

"शेवटी हा श्रद्धेचा प्रश्न आहे, सर," इनामदार म्हणाले.

"मग त्या माशाचे पाणी कधी बदलले, ते अण्णांना विचारा."

अण्णा चहाचा कप तसाच ठेवून उठले.

*

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी वहिनींना भेटायला गेलो. उशाशी काचेचे भांडे होते. आतले पाणी मात्र स्वच्छ होते.

"मी बदलतो पाणी," वहिनी म्हणाल्या. "ह्यांनी माझ्यासाठी मरायला आणलाय त्याला. पाणी बदलंनात, खायला दीनात. बघतो मी, कसा मरतोय त्यो!"

अण्णा दारात उभे होते. पायाच्या अंगठ्याकडे पाहत.

"सर, उद्यापास्नं मी दवाखान्यात," वहिनी म्हणाल्या. "मागं ह्ये त्याला जगू द्यायचं न्हाईत. तुमची टाकी रिकामी हाय म्हणं. घिऊन जावा."

"अगं, आत्ताच न्हेला तर तुझी पीडा..." अण्णांनी दाराची चौकट धरली.

"माझी पीडा माझ्यापाशी ऱ्हाऊ दे! डॉक्टर काय माशाचं पोट फाडणार हाय व्हय?"

मी भांडे उचलले. अण्णा दारातून बाजूला झाले नाहीत. मी थांबलो. मग ते बाजूला झाले.

*

संध्याकाळी इनामदार घरी आले ते दारातच थबकले. मोकळ्या पाण्यात माशाने पर पसरले होते. काळे रेशीम उलगडावे, तसे.

"काळा? दर्शनी खोलीत? सर, चौगुल्यांची पीडा तुम्ही आपल्या घरात आणलीत! शोपीस म्हणून हा?"

"माझ्या देव्हाऱ्यातला विठोबाही काळाच आहे, इनामदार. त्याला आजवर कोणी आतल्या खोलीत ठेवा म्हटले नाही."

इनामदार उंबऱ्याबाहेरूनच परतले.

ऑपरेशन झाले. वहिनी अजून गुंगीत, अण्णा दवाखान्याच्या बाकावर, आणि कट्ट्यावरून फोन मला. "सर, मासा?" मी प्रत्येकाला एकच सांगितले. "दवाखान्याचा रस्ता तुम्हाला ठाऊक आहे. तिकडे जाऊन विचारा." वस्ताद गेले. अण्णांजवळ बाकावर बसून राहिले. नंतर इनामदारही गेले.

*

वहिनींना घरी सोडले, त्या दिवशी त्यांनी रिक्षा आधी आमच्या दारात थांबवायला लावली. वस्तादांनी हात धरून उतरवले. अण्णांच्या हातात नारळ होता. इनामदार आधीच येऊन टाकीपुढे उभे होते. या खेपेला उंबऱ्याच्या आत.

"हा तर जिवंत आहे," ते पुटपुटले. "मग पीडा घेतली कोणी?"

अण्णांनी बायकोकडे पाहिले, माशाकडे पाहिले, नारळाकडे पाहिले. तो कोणापुढे फोडायचा, हे त्यांना समजेना.

वहिनींनी खुर्ची नाकारली. पोटावर एक हात दाबून सावकाश पुढे गेल्या आणि काचेपाशी वाकल्या. मासा रोपांमधून बाहेर आला. अगदी समोर येऊन थांबला.

"काय रं, हाईस न्हवं?" वहिनी म्हणाल्या. "मी बी हाय की!"