आदमची खोपडी

मी पाट्या रंगवणारा पेंटर, अन् जबलपुरात खोपडी माझ्यासारखी कोणीच काढत नाही. आता खोपडी काढून घ्यायला येतं तरी कोण, ट्रान्सफॉर्मरवर 'खतरा' लिहून घेणारे सोडले तर.

कांचघरजवळच्या एका जुन्या चर्चच्या भिंती रंगवायचं काम मिळालं. आत मोठं तेलरंगातलं चित्र होतं. क्रुसावर येशू, बाजूला निळ्या वस्त्रात त्याची आई, अन् क्रुसाच्या पायथ्याशी एक खोपडी. फादर म्हणाले, "भैया, चित्राची फक्त धूळ झटकायची."

मी कुठला ऐकतो. म्हटलं, देवाच्या पायाशी खतऱ्याची निशाणी काहून? डब्यात पिवळा एनॅमल उरलाच होता. खोपडीवर झेंडूचं फूल काढून टाकलं.

रविवारी कौतुक ऐकायला मागच्या बाकावर जाऊन बसलो. पुढच्या बाकावरच्या एक म्हाताऱ्या काकू उठल्या, चित्राजवळ गेल्या अन् फुलाकडे बघत राहिल्या. मग फादरना विचारलं, "आदम कुठे गेला?"

फादरनी मला बाहेर नेऊन सांगितलं. ती खोपडी आदमची, पहिल्या पापी माणसाची. येशूचं रक्त ओघळत तिच्यावर पडतं, म्हणजे त्याचंही पाप धुतलं जातं. काकूंचा नवरा दारूत गेला. आदमला माफी आहे तर ह्यांनाही असेल, म्हणून त्या तिथेच बघून प्रार्थना करतात.

सोमवारी रंग काढायचं टर्पेंटाइन अन् कापूस घेऊन बसलो. फूल निघालं, पण सोबत जुना रंगही निघून राहिला होता. त्या चित्रकाराने पातळ पातळ थर एकावर एक दिले होते, उजेड आतून यावा म्हणून. मी जन्मभर एकच जाड थर मारणारा. कापूस तपकिरी होत गेला अन् तिकडे जबडा गेला, कपाळ गेलं, रक्ताची धारही गेली.

मग मीच नवी खोपडी काढली. रक्ताचा थेंब तेवढा श्वास रोखून, बारीक ब्रशने दिला. काकूंना बोलावलं. "काकू, चुकलं माझं. बघा बरं, जमला का आदम?"

त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. "खाली दोन हाडं आडवी काहून रे?"

हाताला सवय तीच. मी हाडं पुसायला कापूस उचलला.

"ठेव तो. हा आदम नाही, बिजलीवाला आहे. पण थेंब बरोबर पडून राहिला, माझं भागेल. तू हात लावू नको आता, पुसत बसलास तर येशूही जाईल."