स्टँडबाय मशीन रिकामं का ठेवायचं

पॅकेज दुसऱ्या मशीनवर उठेना. पहिलं मशीन सकाळीच बंद पडलं होतं, गेटपास छापले जात नव्हते आणि वाळूजच्या त्या कारखान्यात माल भरलेले ट्रक गेटशी अडकले होते. मी पोचले तेव्हा प्लँट हेड देशमुखसाहेब सर्व्हर रूममध्ये येरझारा घालत होते. आयटीचे जाधव कीबोर्डसमोर घामाघूम.

"मॅडम, दोन-दोन मशीनं घेतली ती कशाला?" साहेब मला म्हणाले आणि जाधवांकडे वळले. "संध्याकाळपर्यंत डिस्पॅच चालू झालं नाही, तर उद्यापासून फुलंब्रीहून यायची तसदी घेऊ नका."

जाधवांनी पुन्हा एकदा पॅकेज चालू करून पाहिलं.

हा क्लस्टर मीच बांधला होता. क्लस्टर म्हणजे एकमेकांवर लक्ष ठेवणारी दोन मशीनं. ॲप्लिकेशन, त्याची डिस्क, त्याचा आयपी ॲड्रेस आणि चालू-बंद करणाऱ्या स्क्रिप्ट यांचं एक गाठोडं बांधतात, ते पॅकेज. एक मशीन पडलं की गाठोडं आपोआप दुसऱ्यावर जातं, तो फेलओव्हर. काम सोपवताना मी हे सगळ्यांसमोर करून दाखवलं होतं. तेव्हा बिनबोभाट चाललं होतं, म्हणून आता जास्तच चिडचिड होत होती.

लॉग, म्हणजे मशीननं स्वतः लिहून ठेवलेली नोंद, उघडला. डिस्क आली होती, आयपी आला होता, गेटपासचं ॲप्लिकेशन मात्र सुरू होता होता मरत होतं. कारण लिहिलेलं होतं: पोर्ट आधीच वापरात. पोर्ट म्हणजे प्रोग्रामची बोलायची खिडकी. एका खिडकीत दोघं बसू शकत नाहीत. आमच्या खिडकीत कोण येऊन बसलंय ते शोधलं.

"जाधव, हे 'टँकर' काय आहे?"

जाधवांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी छताकडे.

"पाण्याच्या टँकरच्या पावत्या हायेत, मॅडम. कोणता आला, कुठं खाली केला, त्याची नोंद. साहेब म्हणले, ते मशीन रिकामंच हाय, त्याच्यावर टाका. म्या म्हणलो व्हतो, मॅडमला इचारू. तर म्हणले, काय गरज नाय."

मी कपाळावर हात मारून घेतला. दुष्काळाची वर्षं होती. जायकवाडी धरण तळाला गेलेलं, शहर मात्र चहूकडे पसरत चाललेलं, नळाला कधी पाणी येईल याचा भरवसा नाही. आमच्याच घरी पाणी आलं की पिंप, बादल्या, कुकरसुद्धा भरून ठेवत. रिकामं भांडं दिसलं की या गावात कुणाला चैन पडत नाही. पण ती सवय सर्व्हर रूममध्ये आणायची?

टँकरचा प्रोग्राम बंद केला. पॅकेज एकदा आपटलं की क्लस्टर त्याला त्या मशीनवर परत जाऊ देत नाही, म्हणून आधी परवानगी दिली, मग चालू केलं. थोड्या वेळात गेटवरचा प्रिंटर कुरकुरायला लागला. जाधवांनी रुमालानं तोंड पुसलं.

"साहेब, यात जाधवांची काही चूक नाही," मी मुद्दाम त्यांच्यासमोरच म्हणाले. "ते मशीन रिकामं राहिलं पाहिजे. तेच त्याचं काम."

"नुसतं बसून राहायचा पगार मी माणसाला देत नाही, मॅडम. मशीनला कुठून देऊ?"

"आगीसाठी वाळूच्या बादल्या टांगल्यात तुम्ही. त्यात कधी ज्वारी भरता का?"

टँकरच्या पावत्या गेटवरच्या जुन्या पीसीवर गेल्या. जाधव दुसऱ्या दिवशीही फुलंब्रीच्या बसनं वेळेवर कामावर आले.

पुढच्या आठवड्यात पहिलं मशीन दुरुस्त होऊन आलं. आता पॅकेज दुसऱ्यावर चालत होतं आणि पहिलं स्टँडबाय, म्हणजे राखीव, झालं होतं. दुपारी साहेबांचा फोन आला. स्वर अगदी मऊ.

"मॅडम, तुम्ही म्हणालात तसं दुसऱ्या मशीनला आम्ही हातसुद्धा लावत नाही. पण पहिलं आता रिकामंच बसलंय. त्याच्यावर कँटीनची कुपनं टाकू का?"

मी नाही म्हणाले, फोन ठेवला आणि जाधवांना लावला. ॲडमिनचा पासवर्ड आत्ताच्या आत्ता बदला, म्हटलं, आणि नवा साहेबांना सांगू नका. फेलओव्हर मशीनचा करता येतो. साहेबांसाठी अजून तशी सोय निघालेली नाही.