सात मंगल आणि एक पाळणा

२२ जानेवारी, सकाळ. काम: शेजारणींकडून आणलेल्या भांड्यांना कपाळाच्या टिकल्या चिकटवणे.

संध्याकाळी नातीचं बारसं होतं आणि शंभर माणूस जेवायला. मंडपवाल्याकडे भांडी भाड्यानं मिळतात, पण त्यांना मागच्या लग्नातल्या रश्श्याचा वास येतो. म्हणून पातेली, पराती, डाव, सगळं आळीतूनच गोळा केलं होतं. भांड्यांवर नावं कोरलेली असतात, तेव्हा घोळ व्हायचं कारण नाही. पण आमच्या आळीत मी धरून सात मंगल आहेत. ज्या त्या भांड्यावर ‘चि. सौ. कां. मंगल हिस मामाकडून’. मामा सगळ्यांनाच होते. म्हणून टिकल्या. गिरणीवाल्या मंगलची लाल, कोपऱ्यावरच्या मंगलची हिरवी, अशा सहा जणींच्या सहा रंगांच्या. मी स्वतःवर फार खूश होते.

आमच्या वेळी या नावाचं पीकच आलं होतं. मंगळवारी मुलगी झाली की मंगल, आणि दुसऱ्या वारी झाली तरी मंगल, कारण नाव शुभ आणि हाक मारायला सोपं. मी शुक्रवारची. शाळेत मी ‘मंगल तीन’ होते. बाईंनी हजेरीत आकडेच टाकले होते. ‘मंगल दोन’नं खिडकीची काच फोडली तेव्हा छडी मला बसली. पुढे लग्न ठरलं तर सासूबाईही मंगल. एका घरात दोन नकोत म्हणून लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, शोभा. ते आठ दिवस टिकलं. माहेरची भांडी आधीच कोरून आली होती, ती कोण बदलणार?

त्यामुळे माझं मागणं एवढंच होतं, की नातीला हाक मारली तर एकट्या नातीनं वळून बघावं. मी मोबाईलवर तासभर शोधून ‘आरोही’ काढलं. नवीन, सुटसुटीत, अर्थ वर चढत जाणारी. सुनेनं मात्र ‘मंगल’चा हट्ट धरला.

“आई, किती ठसठशीत नाव आहे. आणि जुनं.”

“जुनी तर परातही आहे. तिला घालतेस का पाळण्यात?”

“एवढं वाईट होतं तर तुम्ही बदललं का नाही?”

“बदललं होतं. चिकटलं नाही.”

नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझ्या मुलीचा. चार दिवस मी तिला फोन करत होते. ती नुसतं “बघू” म्हणायची. आमच्या घरात “बघू” म्हणजे नाही.

संध्याकाळी बायका जमल्या, घुगऱ्या वाटून झाल्या, आत्या पाळण्याकडे निघाली. मी शेवटचा उपाय केला. पाळण्याजवळ जाऊन गोड आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली, “आरोहीऽ!”

अंगणात लंगडी खेळणाऱ्या पोरींतल्या तीन धावत आल्या. “काय आजी?” पाठोपाठ एक बाई कडेवर तान्ही घेऊन आत आली. “आमची आत्ताच झोपली होती, नाव ऐकून जागी झाली बघा.”

“बया!” गिरणीवाली मंगल म्हणाली. “अंगणवाडीत अजून दोन हायेत. त्यातली एक तर माझीच नात.”

“आन् मंगल किती हायेत गं अंगणवाडीत?” कोपऱ्यावरच्या मंगलनं विचारलं.

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. सुनेनं दोन्ही रिकामे तळवे उघडून दाखवले. एकही नाही.

खोली हसून हसून वाकडी झाली. मला हसायचं नव्हतं, पण पदर तोंडात धरूनही आवाज बाहेर आलाच. मुलगी माझ्याकडे बघत उभी.

“बघतेस काय?” मी म्हटलं. “वाक. ठेव मंगल.”

ती वाकली आणि बाळाच्या कानात कुर्र केलं. तेव्हा आत्याच्या पाठीत गुद्दे घालायचे असतात. पहिला मी घातला, चार दिवसांच्या “बघू”चा.

“अगं आई, हळू!”

जेवणं आटोपली आणि भांडी कढत पाण्यानं घासली गेली. टिकल्या सगळ्या मोरीत. सात मंगल पातेल्यांभोवती उभ्या.

“हे माझ्या मामाचं.”

“का? मामानं सही केलीय व्हय त्याच्यावर?”

कुणी पोचा बघून ओळखलं, कुणी वजनावरून, आणि शेवटी जिच्या हाताला जे लागलं ते तिचं. गिरणीवाली हसता हसता परातीवरच बसली. “कशाला भांडताय? आपल्या मागं ही समदी भांडी पाळन्यातलीचीच. लई श्रीमंत हाय पोरगी. नावच हाय तिचं त्यांच्यावर!”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांड्यांच्या दुकानात गेले आणि पुढे उष्टावणाच्या मऊ भातासाठी एक लहान स्टीलची वाटी घेतली. कोरणाऱ्यानं मशीन हातात घेऊन विचारलं, “पुढे आडनाव घालू ना? मंगल लई हायेत, ताई.”

“आमच्यात आहेत. तिच्यात ती एकटीच आहे. नुसतं मंगल घाला.”

वाटी पिशवीत टाकली, शेजारच्या दुकानातून नेलपॉलिशच्या सहा रंगांच्या बाटल्या घेतल्या आणि घरी राहिलेली एक परात कुणाची ते विचारायला आळीत निघाले.