मेजरच्या पोरीचं ॲप

मेजरच्या पोरीचं ॲप पकडलं, ही बातमी गावात सकाळी डेअरीवर फुटली. दुपारपर्यंत तिला पाय फुटले, संध्याकाळी शिंगंबी आली. कोण म्हणालं, पोलीस आलते. कोण म्हणालं, पोलीस न्हाई, डायरेक्ट अमेरिकेतनं फोन आलता. एका आबांनी तर मला रस्त्यात थांबवून विचारलं, "मुद्देमाल किती सापडला रं?"

मेजर म्हंजे माझ्या मावशीचे मालक, माझे काका. फौजेतनं ते हवालदार म्हणून रिटायर झाले, पण आमच्याकडं फौजेतनं आलेला माणूस गावाला मेजरच असतो. मी पाटणचा. बारावीनंतर सांगलीच्या कॉलेजात नाव घातलं आणि मावशीच्या गावात ऱ्हायला आलो. मावशीची पोरगी माझ्याच कॉलेजात, माझ्या एक वर्ष पुढं, म्हणून ताई. ती कॉम्प्युटर शिकायची. मी आर्ट्स शिकायचो असं कागदावर होतं. खरं म्हंजे मी नकला करायचो. प्राचार्य, कंडक्टर, फोनवर 'आपण डायल केलेला क्रमांक' म्हणणारी बाई, सगळी माणसं माझ्या गळ्यात भाड्यानं ऱ्हायला होती.

मावशीच्या गावात सगळीकडं द्राक्षबागा. द्राक्षवाल्याचं वर्ष छाटणीपासनं सुरू होतं. छाटणीला किती दिवस झाले त्यावर आज फवारणी कसली, काम कुठलं, सगळं ठरतं. त्यात ढगाळ हवा आली की डावनी नावाचा रोग पानाखालनं वर चढतो, आणि बघता बघता बाग जाते. ताईनं त्यासाठी ॲप केलं. छाटणीची तारीख टाकायची, की रोज सकाळी ते सांगणार, आज पाऊस हाय, पानं उलटून बघा, आज फवारू नका. पहिलं काकांनी घेतलं, मग त्यांचं बघून निम्म्या गावानं. काका सकाळी बागेत जाताना मुद्दाम चार माणसांत मोठ्यानं म्हणायचे, "आमच्या पोरीनं आज पानं उलटाय सांगितल्यात." एवढं कौतुक त्यांनी स्वतःच्या मेडलचंबी केलं नसंल.

आणि एका सकाळी ते ॲप स्टोअरमधनं गायब झालं. ज्यांच्या फोनवर होतं त्यांच्या स्क्रीनवर लाल खूण आली, हे ॲप धोकादायक असू शकतं, काढून टाका. सगळ्यांच्या आधी काकांनी काढून टाकलं. स्वतःच्या बोटानं. आणि म्हणाले, "वरनं ऑर्डर आलीया. उगंच कोन ऑर्डर काढत न्हाई. कायतरी केलं असशील की."

ताईनं कंपनीला लिहिलं, माझं काय चुकलं? उत्तर लगेच आलं, आणि काय गोड उत्तर. आम्हाला तुमची अडचण समजते, तुमच्या ॲपने आमच्या धोरणाचा भंग केला आहे, कृपया धोरण वाचा. तिनं विचारलं, कुठल्या धोरणाचा? परत तेच उत्तर, शब्दाला शब्द. मी ते उत्तर फोनवाल्या बाईच्या आवाजात म्हणून दाखवलं, तवा ती पहिल्या दिवशी हसली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "बास कर."

ॲप गेलं त्याचं तिला वाईट वाटलंच. पण तिला लागलं ते दुसरंच. काका आता बागेतलं काय तिला विचारायचे न्हाईत. तिनं विषय काढला की पाण्याची मोटर बघायला उठायचे. मोटर बंद असली तरी.

आणि मग आमच्या सरांनी नोटीस लावली. सांगलीत आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धा. विषय, मोबाईलच्या ॲप स्टोअरवर आणि मेसेजिंग प्लॅटफॉर्मवर सरकारचं नियंत्रण असावं. ही नोटीस वाचून जी पोरगी गॅदरिंगलाबी स्टेजच्या पायरीवर चढली न्हवती, ती सरळ सरांच्या केबिनमधी घुसली. कॉलेजकडनं दोघं जायचे असतात, एक विषयाच्या बाजूनं, एक विरोधात, आणि दोघांचे मार्क मिळून ढाल. तिनं बाजू मागून घेतली. विरोधात कोण? सरांनी माझ्याकडं बघितलं आणि एक मोठा श्वास घेतला. "हा वादविवाद आहे," म्हणाले, "गॅदरिंग नव्हे. तिथं माणसासारखं बोल."

मला विरोध मनापासनं जमणार होता. आमच्या पोरांच्या ग्रुपवर मी प्राचार्यांच्या आवाजात रोज एक भाषण टाकायचो. सरकारनं तिथं कान लावला असता तर पहिला मीच आत. ताईचं कारण माझ्यापेक्षा साधं होतं. स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता मला म्हणाली, "पप्पांना तिथं खुर्चीत बसवायचं. तिथनं त्यांना मोटर बघाय उठता येनार न्हाई."

काकांना तिनं शपथ घालून यायला लावलं. स्पर्धेच्या दिवशी ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून, मिशीला तेल लावून आले. मी त्यांच्या मागं त्यांच्यासारखाच छाती काढून चालत होतो, आणि ताई तोंड दाबून हसत होती. लय दिवसांनी हसत होती.

दारातच आमचा सगळा नकाशा फाटला. टेबलावरचे संयोजक म्हणाले, पाठांतर करून कोण येऊ नये म्हणून कुणी कुठल्या बाजूनं बोलायचं ते आता चिठ्ठी उचलून ठरणार. ताईनं चिठ्ठी उचलली. उघडली. माझ्याकडं दिली. विरोधात.

म्हंजे जिला न सांगता हाकललं, तिनं उभं ऱ्हाऊन म्हणायचं, हाकलणाऱ्याला कुणी विचारू नका. आणि मी म्हणायचं, सरकारनं यावं, माझ्याबी ग्रुपात यावं, बसा म्हणावं, चहा घ्या.

ती संयोजकांना म्हणाली, बदलून द्या. ते म्हणाले, जमणार न्हाई. तिचा चेहरा पडला तो मी बघितला, आणि का कुणास ठाऊक, माझ्या अंगात एकदम वारं शिरलं. तिला ओढतच कॅन्टीनला नेलं. म्हटलं, "ताई, तुझं भाषन मला दे. माझं तू घे. तुझंच हाय, फकस्त तोंड माझं."

"तू टिंगल करशील."

"न्हाई करत."

"माझी करू नको. आनि पप्पांची नक्कल केलीस तर घरी आल्यावर बघ."

मग आमी दोन चहात दोन भाषणं बदलली. ती सांगत होती, कंपनीनं काय लिहिलं, तिनं काय विचारलं. मी सांगत होतो, पाटणच्या सरकारी हापिसातला क्लार्क कसा मान न उचलता बोलतो, सरकारच्या हातात स्टोअर दिलं तर ताईचं ॲप कसं त्याच्याच टेबलावर जाऊन बसंल. ती म्हणाली, हे पटतंय रं. मी म्हटलं, तुझं मला पटतंय. दोघंबी घाबरलो, की मग आपलं स्वतःचं मत कुठलं.

माझा नंबर आधी आला. हॉल भरलेला. तिसऱ्या रांगेत काका, पाठ ताठ, मांडीवर दोन्ही हात. मी माईक धरला आणि माणसासारखं बोलायचं ठरवलं होतं ते तिथंच विसरलो. फोनवाल्या बाईच्या आवाजात कंपनीचं उत्तर म्हटलं. आम्हाला तुमची अडचण समजते. पोरं हसली. मग ताईचा प्रश्न म्हटला, साध्या आवाजात. मग परत बाई. परत तेच उत्तर. तिसऱ्यांदा बाईनं 'कृपया धोरण वाचा' म्हटलं तवा अख्खा हॉल माझ्याबरोबर म्हणत होता. मागच्या भिंतीला टेकलेल्या आमच्या सरांनी कपाळाला हात लावला होता. मला लय मजा यायला लागली.

आणि मग मला काका दिसले. हसत न्हवते. मोटर बघायला उठताना त्यांचा चेहरा जसा होतो, तसा झालेला.

काकांची एक ठरलेली गोष्ट हाय. घरात महिन्यातनं एकदा तरी होते, आणि ते झोपले की मी तिची नक्कल करतो, मावशी पदर तोंडाला लावून हसते. काका कोवळे जवान असताना सुट्टीवरनं परत जायला उशीर झाला. चार्ज लागला, म्हंजे कागदावर आरोप आला. टोपी काढली, बेल्ट काढला, आणि लेफ्ट राईट करत साहेबापुढं उभं केलं. साहेबानं चार्ज वाचून दाखवला. आणि मग विचारलं, कुछ कहना है? काकांनी सांगितलं, दरड पडली होती, रस्ता बंद होता. साहेबानं ऐकून घेतलं, चौकशी केली, सोडून दिलं. गोष्टीच्या शेवटी काका दरवेळी म्हणतात, आमच्यात असंच कुनाला उडवत न्हाईत.

मी ताईकडं बघितलं. तिला कळलं मी काय करणार. तिनं मान हलवली, नको. आणि मी केलं.

टोपी काढली, म्हंजे डोक्यावर नसलेली काढली. बेल्ट काढल्यासारखं केलं. लेफ्ट राईट करत माईकपर्यंत आलो, काकांची चाल, काकांची मान. हॉल हसला. मग साहेबाच्या आवाजात चार्ज वाचला, आणि थांबून विचारलं, "कुछ कहना है?"

आणि माझ्या आवाजात म्हटलं, एवढंच मागणं हाय. फौज कुणाचे लाड करत न्हाई. पण तीबी आधी चार्ज वाचते, मग बोलू देते. एक पोरगी हाय, तिचं ॲप काढलं, आणि अजून तिला चार्जच वाचून दाखवला न्हाई. ती काय बोलणार? जिथं कंपनी असं करते, तिथं सरकारनं तिला नियम घालून द्यावा, की आधी सांग, मग ऐक, मग काढ.

हॉलमधी आता कोण हसत न्हवतं. काकांचे हात मांडीवरनं गुडघ्यावर आले होते, आणि ते माझ्याकडं न्हाई, ताईकडं बघत होते.

मग ताई उठली. मला वाटलं, संपलं, आता ही रडणार. तिनं माईक खाली केला, घसा साफ केला आणि पाटणचा क्लार्क सुरू केला. माझा क्लार्क. "साहेब मीटिंगला गेल्यात. उद्या या." नक्कल तशी बेताचीच, क्लार्क अर्धा ताईच वाटत होता, पण पोरं खुर्च्या बडवायला लागली. मी टाळ्या वाजवत होतो, विसरूनच गेलो की ती माझ्या विरोधात हाय. ती म्हणाली, आत्ता कंपनीचं मशीन सरळ उत्तर देत न्हाई, उद्या सरकारचं टेबल देणार न्हाई, आणि मशीन निदान चहापाण्याला बाहेर जात न्हाई.

मग मेसेजिंगवर आली, आणि आवाज बदलला. हे माझ्या भाषणात न्हवतं. म्हणाली, माझे वडील बॉर्डरवर असताना आई त्यांना आवाज रेकॉर्ड करून पाठवायची. म्हैस व्याली, पाऊस झाला, पोरगी पास झाली. एवढं आमच्यापुढं बोलायची. शेवटचं वाक्य बोलायला परसात जायची. "ते वाक्य मी आजपर्यंत ऐकलेलं नाही. मी पोटची पोरगी असून मला हक्क नाही, तर सरकारला कुठून आला?"

काका खाली बघत होते. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. फौजी माणूस लाजताना मी पहिल्यांदा बघितला, आणि त्याची नक्कल मला आजपर्यंत जमलेली न्हाई.

मधल्या परीक्षक बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, छान, पण एक सांगा, तुमचं स्वतःचं मत काय? हा प्रश्न म्हंजे सापळा. आपल्या बाजूला चिकटून ऱ्हायचं, न्हाईतर मार्क जातात, हे सरांनी आमाला घोकून घेतलेलं. ताई मला म्हणाली नंतर, मला सापळा दिसला होता.

"मॅडम, ते ॲप माझं आहे," ती म्हणाली. "मेसेज कुणी वाचू नयेत, हे मी मनापासून बोलले. पण ॲप काढायचं तर कंपनीनं काढू दे नाहीतर सरकारनं, मी काय केलं ते मला सांगावं. अजून मला माहीत नाही."

परीक्षक बाई हसल्या. म्हणाल्या, अर्धं मत समोरच्या बाजूला दिलंत. ताई म्हणाली, हो. आणि खाली बसली.

ढाल सांगलीतल्याच एका कॉलेजनं नेली. सर म्हणाले, त्या एका 'हो'नं गेली. पण रागावले न्हाईत. मला म्हणाले, त्या फोनवाल्या बाईला गॅदरिंगला बोलव.

बाहेर काकांनी तिघांना भडंग घेतलं. स्टँडवर बाकावर बसून आमी खात होतो. मी मनात 'घरी आल्यावर बघ' साठी पाठ तयार करत होतो. मग त्यांनी खिशातनं फोन काढला, ताईपुढं धरला.

"तुझं ते परत घाल ह्यात."

"पप्पा, स्टोअरमधी न्हाई ते."

"मग कसं घालायचं?"

तिनं सांगितलं, तिच्या फोनवरनं फाईल पाठवता येते. पाठवली. काकांनी दाबलं, आणि स्क्रीनवर परत तीच लाल खूण आली. काकांनी चष्मा लावला, ऑर्डर वाचतात तसं सगळं वरपासनं खालपर्यंत वाचलं. बोट तसंच हवेत.

"हे म्हनतंय, धोका हाय," ते म्हणाले. मग चष्म्यावरनं तिच्याकडं बघितलं. "कुछ कहना है?"

ताईच्या हातात भडंगाचा पुडा होता, तो चुरगळला.

"हाय," ती म्हणाली. "रोज सकाळी बागंत तुमच्या मागनं फिरून बघितलं, तुमी काय करता ते. तेवढंच लिवलंय त्यात. दुसरं काय न्हाई."

काकांनी 'तरीही इन्स्टॉल करा' वर बोट दाबलं, जरा जास्तच जोरात, बेल दाबावी तसं. ॲप उघडलं. आकाशाकडं बघत, काय झालंच न्हाई अशा थाटात म्हणाले, "ढग आल्यात. काय म्हनतंय बघ, पानं उलटायची का?"

गावाची एसटी लागली. तिच्यात बसताना, शेजारच्या बागायतदाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, ते परत एकदा म्हणाले, पोरीनं पानं उलटाय सांगितल्यात.