भाटाची वही आणि इंग्रज सरदाराच्या लेकी

मैत्रिणींनो, सकाळपासून डोकं भणभणायलंय. लिहिल्याशिवाय शांत होणार नाही.

आज पोखर्णीला माहेरी भाट आला होता, आमच्या घराण्याची वंशावळ लिहून ठेवणारा. वहिनी गावाला गेलेली, म्हणून वहीला हळदकुंकू लावून पूजा मीच केली. मग त्यानं वाचायला घेतलं. पणजोबा, आजोबा, बाबा, भाऊ, भावाची पोरं.

"आणि आमची आई?" मी विचारलं.

"बायकांची नावं वहीत येत न्हाईत, आक्का."

भाऊ म्हणाला, "जाऊ दे की आक्का. रीतच हाय तशी."

विद्यापीठाच्या नामांतराच्या दिवसांत मी परभणीला बी.ए.ला होते. इतिहासाच्या पेपरासाठी एका इंग्रज सरदाराची वंशावळ घोकली होती. सात-आठशे वर्षांपूर्वीचा माणूस, तरी त्याची बायको कुणाची, तीन लेकी कुठं दिल्या, सगळं लिहिलेलं. मला अजून तोंडपाठ आहे. त्या परक्या बाया मी पाठ करायच्या, आणि माझी आई माझ्याच घरच्या वहीत नाही?

वर भाटानं मी कॉलेजात होते त्याच काळातली एक नोंद लय कौतुकानं वाचली. बाबांनी त्याच्या वडलांना गाय दिली होती. "तांबडी गाय, कपाळावर पांढरा ठिपका, दुसऱ्या वेताची."

त्या गायीला आईनं वासरापासून वाढवलं होतं. ती दान दिली तेव्हा आई दोन दिवस जेवली नव्हती.

माझ्या बोटांचं कुंकू अजून निघालेलं नाही. खरं सांगा, तुमच्या घरच्या वहीत तुमची आई आहे का?

आमच्या वहीत गाय आहे.